अंतराळस्थानकावर चित्रपट: रशियाच्या ‘विझोव’ मोहिमेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

5 ऑक्टोबर 2021 रोजी कझाकस्तानातील बायकोनूर तळावरून सुटलेल्या सोयूझ यानात एक अनुभवी अंतराळवीर, एक अभिनेत्री आणि एक चित्रपट दिग्दर्शक असे तिघे बसले होते. या मोहिमेची आठवण निघाली की बोलणे सहसा सिनेमापाशीच थांबते. वाचकांच्या मनात येणारे बहुतेक प्रश्न मात्र थोडे खणले की यानातील आसनांच्या हिशेबापर्यंत पोहोचतात, आणि त्यामुळे पुढील उत्तरांत अभिनयापेक्षा वेळापत्रकाला अधिक जागा दिली आहे.

नेमके काय घडले?

सोयूझ एमएस-19 या यानातून अंतराळवीर आंतोन श्काप्लेरोव, अभिनेत्री युलिया पेरेसिल्द आणि दिग्दर्शक क्लिम शिपेन्को हे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेले. उड्डाणाच्या वेळी भारतात दुपारचे 2 वाजून 25 मिनिटे झाली होती आणि साधारण साडेतीन तासांनी यान स्थानकाला जोडलेही गेले. पुढचे बारा दिवस स्थानकावर ‘विझोव’ या कथाचित्रपटातील प्रसंग चित्रित झाले. या रशियन शब्दाचा अर्थ ‘आव्हान’ असा आहे, आणि जखमी अंतराळवीरावर स्थानकातच शस्त्रक्रिया करण्यासाठी पाठवलेल्या एका महिला शल्यविशारदाची ही कथा आहे. 17 ऑक्टोबरच्या सकाळी पेरेसिल्द आणि शिपेन्को हे आधीपासून स्थानकावर असलेले अंतराळवीर ओलेग नोवित्स्की यांच्यासोबत कझाकस्तानच्या गवताळ माळरानावर उतरले. श्काप्लेरोव वरच राहिले.

स्थानक पृथ्वीपासून सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून फिरते. मुंबईहून पणजी सरळ रेषेत जितकी दूर आहे, तितकेच हे अंतर आहे. फरक एवढाच की ते आडवे नसून उभे आहे.

हा अंतराळात चित्रित झालेला पहिलाच चित्रपट आहे का?

‘पहिला’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. व्यावसायिक अभिनेत्री आणि व्यावसायिक दिग्दर्शक स्वतः कक्षेत जाऊन पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटासाठी चित्रीकरण करून आले, ही घटना पहिलीच होती. कॅमेरा मात्र फार पूर्वीपासून कक्षेत जात आला आहे. अमेरिकी अंतराळवीरांनी मोठ्या पडद्यासाठी माहितीपट चित्रित केले होते, आणि 2008 मध्ये स्वखर्चाने गेलेले रिचर्ड गॅरियट यांनी स्थानकावरच काही मिनिटांचा विज्ञानकथेचा लघुपट तयार केला होता.

सोव्हिएत काळातील उदाहरण अधिक रोचक आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला कीवमधील एका चित्रपटसंस्थेच्या कथाचित्रपटासाठी साल्यूत-7 स्थानकावरील काही दृश्ये तेथे राहणाऱ्या अंतराळवीरांनीच टिपली होती. नट जमिनीवर होते, वरची दृश्ये नंतर त्यांच्या दृश्यांना जोडली गेली. पुढे 1990च्या दशकाच्या अखेरीस दिग्दर्शक युरी कारा यांच्या चित्रपटासाठी अभिनेते व्लादिमिर स्तेक्लोव यांनी मीर स्थानकावर जाण्याचे प्रशिक्षणही घेतले, पण पैशांची व्यवस्था न झाल्याने 2000 साली, उड्डाण तोंडावर आलेले असताना, त्यांना वगळण्यात आले आणि सोयूझ टीएम-30 दोन अंतराळवीरांनाच घेऊन गेले. त्यामुळे 2021 मध्ये जे साधले, त्याची कल्पना रशियात किमान वीस वर्षे जुनी होती.

रशियाला हे करावेसे का वाटले?

मे 2020 मध्ये नासाच्या तत्कालीन प्रमुखांनी टॉम क्रूझ यांच्यासोबत स्थानकावर चित्रपट करण्याचा विचार असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये रशियाची अंतराळ संस्था रॉसकॉसमॉस, तेथील चॅनेल वन ही दूरचित्रवाहिनी आणि एक चित्रपटसंस्था यांनी आपला बेत पुढे आणला. शर्यतीचा भाग त्यात होताच, आणि तो कोणी लपवलाही नाही.

माझ्या मते खरे कारण शर्यतीच्या एक पायरी खाली आहे. 2011 मध्ये अमेरिकेची शटल याने निवृत्त झाल्यापासून स्थानकावर माणूस नेण्याचे एकमेव साधन सोयूझ होते आणि नासा त्यातील एकेका आसनासाठी रशियाला मोबदला देत होती; शेवटच्या खरेदीत एका आसनाची किंमत 9 कोटी डॉलरच्या घरात गेली. मे 2020 मध्ये स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगन यानाने अंतराळवीर नेले आणि हा व्यवहार आटोपला. सोयूझ याने मात्र पूर्वीसारखीच सुटत राहणार होती, कारण स्थानकाला जोडलेले सोयूझ हे रशियन अंतराळवीरांच्या सुटकेचे साधनही असते आणि कक्षेतील त्याचे आयुष्य जेमतेम दोनशे दिवसांचे असल्याने दर सहा महिन्यांनी नवे यान पाठवावे लागते. म्हणजे यान जाणारच होते, फक्त त्यात बसणारे परदेशी गिऱ्हाईक उरले नव्हते. पेरेसिल्द आणि शिपेन्को यांच्यासाठी स्वतंत्र रॉकेट सोडले गेले नाही. नेहमीच्या फेरीतील दोन आसने त्यांना मिळाली. त्याच डिसेंबरमध्ये सोयूझ एमएस-20मधून जपानी उद्योजक युसाकू माएझावा आपल्या सहकाऱ्यासह गेले, तोही याच हिशेबाचा भाग होता.

अभिनेत्रीची निवड कशी झाली, आणि दिग्दर्शक हेच का?

नोव्हेंबर 2020 मध्ये खुले आवाहन करण्यात आले आणि सुमारे तीन हजार अर्ज आले. अभिनयाच्या चाचण्या आणि वैद्यकीय तपासण्या अशा दोन्ही चाळण्यांतून मे 2021 मध्ये पेरेसिल्द यांचे नाव निश्चित झाले. त्या मॉस्कोच्या रंगभूमीवरील आणि चित्रपटांतील प्रस्थापित अभिनेत्री होत्या. त्यांच्या जागी ऐनवेळी जाता यावे म्हणून अल्योना मोर्दोविना यांची राखीव अभिनेत्री म्हणून, तर दिग्दर्शकाच्या जागी कॅमेरामन अलेक्सेइ दूदिन यांची तयारी करून घेण्यात आली. पेरेसिल्द या सोव्हिएत आणि रशियन मिळून अंतराळात गेलेल्या पाचव्या महिला ठरल्या. वालेन्तिना तेरेश्कोवा 1963 मध्ये गेल्या आणि 2021 पर्यंत ही संख्या पाचपर्यंतच पोहोचली, ही बाब त्या देशाच्या अंतराळपरंपरेविषयी पुष्कळ काही सांगते.

शिपेन्को यांचे उत्तर सोपे आहे. 1985 मध्ये निकामी झालेले साल्यूत-7 स्थानक जानिबेकोव आणि साविनिख या दोघांनी पुन्हा चालू केले, त्या घटनेवर त्यांनी 2017 मध्ये चित्रपट केला होता. तारांना लटकवून भारहीनता दाखवण्यात किती खटाटोप असतो, हे त्यांना चांगले माहीत होते.

चार महिन्यांत सामान्य माणूस अंतराळात जाण्यायोग्य होतो का?

प्रवासी म्हणून होतो, अंतराळवीर म्हणून नाही. मॉस्कोजवळील स्टार सिटीतील गागारिन प्रशिक्षण केंद्रात मेच्या अखेरीस प्रशिक्षण सुरू झाले. वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये शरीरावरचा वाढीव भार सोसणे, खास विमानातून वर जाऊन प्रत्येक झेपेत वीस-पंचवीस सेकंदांची भारहीनता अनुभवणे, अंतराळपोशाख स्वतः चढवणे, आग लागली किंवा हवा गळू लागली तर काय करायचे हे अंगवळणी पाडणे, असा त्याचा गाभा असतो.

यान चालवण्याचे काम मात्र सर्वस्वी श्काप्लेरोव यांच्यावर होते. एरवी कमांडरच्या शेजारी पूर्ण प्रशिक्षित फ्लाइट इंजिनिअर असतो; येथे दोन्ही बाजूंना पहिल्यांदाच जाणारी माणसे होती. त्याची परीक्षा लगेच झाली. स्थानकाजवळ पोहोचताना यानाच्या स्वयंचलित जोडणी प्रणालीत अडचण आली आणि श्काप्लेरोव यांनी सूत्रे हाती घेऊन यान स्थानकाच्या रास्वेत या कक्षाला जोडले. हे त्यांचे चौथे उड्डाण होते.

चित्रीकरण प्रत्यक्षात कसे केले असेल?

स्थानकावर युनिट नव्हते. शिपेन्को यांनी दिग्दर्शन, कॅमेरा, प्रकाशयोजना अशी सगळी कामे एकट्याने केली आणि पेरेसिल्द यांनी स्वतःचा मेकअप स्वतः सांभाळला. मदतीला तेथील रशियन अंतराळवीर होते, पण त्यांना त्यांची नेहमीची कामे होतीच. नाउका हा नवा कक्ष जुलैच्या अखेरीस नुकताच जोडला गेला होता आणि त्याच्या तारा जोडण्यासाठी नोवित्स्की आणि प्योत्र दुब्रोव यांनी सप्टेंबरमध्ये दोनदा स्थानकाबाहेर जाऊन काम केले होते. त्यातच तिघांची भर पडल्याने त्या बारा दिवसांत स्थानकावर दहा माणसे होती.

स्टुडिओत गृहीत धरलेल्या गोष्टी भारहीनतेत गृहीत धरता येत नाहीत. कॅमेऱ्याला वजन नसते पण वस्तुमान असते, म्हणून तो हातात हलका वाटला तरी एकदा ढकलला की थांबवावा लागतो. ट्रायपॉडला अर्थ उरत नाही, आणि कॅमेरामनला भिंतीवरच्या दांड्यांखाली पाय अडकवून स्वतःला स्थिर करावे लागते. उलट ट्रॉलीची गरजही संपते, कारण बोटाने भिंतीला हलका रेटा दिला की माणूस कॅमेऱ्यासह संथपणे तरंगत जातो, आणि तशी चाल जमिनीवर कोणत्याही क्रेनने मिळत नाही. नटाला बसता येत नाही, टेकता येत नाही, हातातील वस्तू खाली ठेवता येत नाही. अभिनयातील कितीतरी हालचाली गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर असतात, हे अशा वेळी लक्षात येते.

कंटिन्यूइटी, म्हणजे वेगवेगळ्या वेळी टिपलेले एकाच प्रसंगाचे तुकडे एकमेकांशी जुळते ठेवणे, ही सर्वांत मोठी डोकेदुखी म्हणावी लागेल. स्थानक सुमारे नव्वद मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पूर्ण करते, त्यामुळे दिवसाकाठी सोळा सूर्योदय होतात आणि खिडकीतून येणारा उजेड साधारण पाऊण तासात नाहीसा होतो. चेहऱ्याचेही तसेच आहे. गुरुत्वाकर्षण नसल्याने शरीरातील द्रव वरच्या भागाकडे सरकतात आणि पहिल्या काही दिवसांत चेहरा सुजल्यासारखा, डोळे बारीक झाल्यासारखे दिसतात. नंतर तो हळूहळू बदलतो. पुष्कळ नवख्या प्रवाशांना सुरुवातीला मळमळतेही. पहिल्या दिवशी टिपलेला जवळचा चेहरा आणि दहाव्या दिवशी टिपलेला चेहरा एकाच प्रसंगात शेजारी ठेवायचे झाले तर संकलकाची पंचाईत होणार.

रडण्याचे दृश्य घ्यायचे तर अश्रू गालावरून ओघळत नाहीत, ते डोळ्यापाशीच पाण्याच्या गोळ्यासारखे साचून राहतात. संवादांच्या मागे पंख्यांची अखंड घरघर असते आणि ती बंद करता येत नाही, कारण गरम हवा आपोआप वर जाण्याची क्रिया तेथे होत नसल्याने हवा खेळती ठेवण्याचे सगळे काम पंख्यांवरच असते.

अंतराळवीरांनीही भूमिका केल्या का?

होय. श्काप्लेरोव, नोवित्स्की आणि दुब्रोव हे तिघेही चित्रपटात दिसतात. त्यांतील मोठी भूमिका नोवित्स्की यांची आहे. ज्याच्यावर शस्त्रक्रिया करायची तो जखमी अंतराळवीर ते झाले आहेत. व्लादिमिर माश्कोव आणि मिलोश बिकोविच या परिचित नटांची दृश्ये मात्र पृथ्वीवरच झाली.

जाताना एक यान आणि येताना दुसरे, असे का?

या मोहिमेतील सर्वांत कमी समजलेली गोष्ट हीच आहे, म्हणून ती सविस्तर सांगणे योग्य होईल.

सोयूझमध्ये तीनच आसने असतात आणि प्रत्येक आसनातील साचा त्या त्या प्रवाशाच्या अंगाच्या मापाने घडवलेला असतो, कारण जमिनीवर आदळतानाचा धक्का पाठीने सोसायचा असतो. एमएस-19 हे यान मार्च 2022 पर्यंत स्थानकावर राहणार होते. कलाकारांना मात्र बारा दिवसांत परतायचे होते. तेव्हा एप्रिलमध्ये आलेले आणि ऑक्टोबरमध्ये परतणारे एमएस-18 हे यान त्यांना देणे भाग होते. ते यान 28 सप्टेंबर रोजी रास्वेत कक्षावरून सोडवून नाउकाला जोडण्यात आले, म्हणजे येणाऱ्या यानासाठी जागा मोकळी झाली. आणि पेरेसिल्द व शिपेन्को यांचे साचे एका यानातून काढून दुसऱ्यात बसवण्यात आले.

एमएस-18मधून आलेले तिघे म्हणजे नोवित्स्की, दुब्रोव आणि अमेरिकेचे मार्क वांदे हाय. कमांडर नोवित्स्की यांना यान उतरवण्यासाठी परतायचेच होते. उरलेल्या दोघांची आसने गेली. सहा महिन्यांसाठी गेलेले दुब्रोव आणि वांदे हाय हे आणखी 164 दिवस वर राहिले आणि 30 मार्च 2022 रोजी श्काप्लेरोव यांच्यासोबत एमएस-19मधून परतले, तेव्हा त्यांचे 355 दिवस भरले होते. वांदे हाय यांच्यासाठी तो त्या वेळी सलग वास्तव्याचा अमेरिकी विक्रम ठरला. हा निर्णय अचानक लादलेला नव्हता. नासाने तो सप्टेंबर 2021 मध्येच जाहीर केला होता आणि एवढ्या दीर्घ वास्तव्यातून शरीराविषयी मिळणारी माहिती मोलाचीही असते. तरी बारा दिवसांच्या चित्रीकरणाची किंमत पैशांत मोजण्याऐवजी दोन माणसांच्या साडेपाच महिन्यांत मोजली तर अधिक बरोबर ठरेल असे मला वाटते.

या वाढीव मुक्कामातच, फेब्रुवारी 2022 मध्ये, रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. वांदे हाय यांना रशिया परत आणणार का, अशी चर्चा काही काळ रंगली. प्रत्यक्षात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या यानातून ते दोन रशियन सहकाऱ्यांसोबत उतरले.

मोहिमेदरम्यान धोका निर्माण झाला होता का?

परतीच्या दोन दिवस आधी, 15 ऑक्टोबर रोजी, एमएस-18च्या इंजिनांची चाचणी घेताना ती ठरलेल्या वेळी बंद झाली नाहीत आणि त्यांच्या रेट्याने संपूर्ण स्थानकाची दिशा बदलली. मॉस्को आणि ह्यूस्टन येथील नियंत्रकांनी सुमारे अर्ध्या तासात स्थिती पूर्ववत केली आणि कोणाला इजा झाली नाही. जुलैमध्ये नाउका जोडल्यावरही असाच, पण बराच मोठा प्रकार घडला होता. चाचणीचा चित्रीकरणाशी काही संबंध नव्हता, परतीपूर्वी ती नेहमीच घेतली जाते. मात्र ज्या यानातून दोन नवख्या प्रवाशांना उतरायचे होते तेच हे यान होते.

कथेतील शस्त्रक्रिया खरोखर शक्य आहे का?

कथा अशी आहे की स्थानकाबाहेर काम करताना अंतराळातील कचऱ्याच्या तुकड्यांमुळे अपघात होऊन एक अंतराळवीर जखमी होतो, परतीच्या प्रवासातील ताण त्याला सोसणार नाही म्हणून एका महिला शल्यविशारदाला घाईने प्रशिक्षण देऊन वर पाठवले जाते. अंतराळात माणसावर अशी शस्त्रक्रिया अद्याप झालेली नाही. रक्त वाहून न जाता जखमेवर गोळ्यासारखे साचते किंवा थेंबांनी हवेत पसरते, आणि रुग्ण, डॉक्टर, हत्यारे या सर्वांना कुठेतरी बांधून ठेवावे लागते.

वास्तवातील पहिला पर्याय रुग्णाला खाली आणण्याचा असतो. 1985 मध्ये साल्यूत-7वर व्लादिमिर वास्यूतिन आजारी पडले तेव्हा मोहीम आटोपती घेऊन त्यांना परत आणले होते. दुसरा पर्याय दुरून उपचारांचा असतो. स्थानकावरील एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गाठ आढळली, तेव्हा पृथ्वीवरील डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधांवर निभावले होते. सोयूझमधून उतरताना शरीरावर साधारण चार-पाच पट भार येतो, यान तिरक्याऐवजी सरळ मार्गाने कोसळत आले तर आठ-नऊ पट. म्हणून ‘रुग्ण उतरवता येणार नाही’ हे कथेतील गृहीतक मात्र पटण्यासारखे आहे. चित्रपटात मला सर्वांत खरे वाटणारे वैद्यकीय तथ्य तेच.

रशियात या मोहिमेवर टीका झाली का?

झाली, आणि ती मुख्यतः अंतराळक्षेत्राशी संबंधित मंडळींकडून झाली. अनेक वर्षे प्रशिक्षण घेऊन पहिल्या उड्डाणाची वाट पाहणारे अंतराळवीर असताना दोन आसने सिनेमाला द्यावीत का, आणि स्थानकावरील रशियन प्रयोगांचा वेळ चित्रीकरणात जावा का, असे आक्षेप होते. समर्थकांचे म्हणणे असे की एखाद्या तज्ज्ञाला काही महिन्यांत तयार करून वर पाठवता येते हे यातून सिद्ध झाले. पहिला आक्षेप मला योग्य वाटतो. समर्थकांचा मुद्दाही पोकळ नाही, पण त्यासाठी अभिनेत्रीऐवजी एखादा डॉक्टर पाठवला असता तरी चालले असते.

या विषयाचा भारताशी काही संबंध आहे का?

थेट संबंध नाही. परंतु ज्या साल्यूत-7वर सोव्हिएत कथाचित्रपटाची दृश्ये टिपली गेली, त्याच स्थानकावर एप्रिल 1984 मध्ये राकेश शर्मा सोयूझ टी-11मधून गेले होते. गगनयानासाठी निवडलेल्या भारतीय हवाई दलाच्या चौघा वैमानिकांचे प्रशिक्षण फेब्रुवारी 2020 ते मार्च 2021 या काळात स्टार सिटीतील त्याच गागारिन केंद्रात झाले. ते संपल्यावर दोनच महिन्यांनी पेरेसिल्द आणि शिपेन्को तेथे दाखल झाले. वैमानिकांना वर्षभराहून अधिक काळ लागला आणि कलाकारांचे चार महिन्यांत भागले, या फरकातच अंतराळवीर आणि प्रवासी यांतील भेद दिसतो.

चित्रपट कधी प्रदर्शित झाला?

12 एप्रिल 2023 रोजी, म्हणजे गागारिन यांच्या उड्डाणाच्या स्मृतिदिनी, त्याचा पहिला खेळ झाला आणि 20 एप्रिलपासून तो रशियातील चित्रपटगृहांत लागला. तेथे त्याला चांगला प्रेक्षकवर्ग मिळाला. युद्धामुळे पाश्चात्त्य देशांतील चित्रपटगृहांचे दरवाजे तोवर रशियन चित्रपटांसाठी जवळपास बंद झाले होते, त्यामुळे ज्या जागतिक प्रेक्षकाला डोळ्यांपुढे ठेवून शर्यत सुरू झाली होती, त्याच्यापर्यंत तो फारसा पोहोचला नाही.

मग टॉम क्रूझ यांच्या चित्रपटाचे काय झाले?

तो कक्षेत चित्रित झालेला नाही.